गार भाताचे गीतकार

आमच्या साडूंच्या पहिल्यावहिल्या रेकॉर्डिंगचा सत्यानाश मी केला. गोंदियातल्या एका स्टुडिओत, भिंतींना काळा फोम चिकटवलेल्या खोलीत साडूभाऊ डोळे मिटून गात होते. दुसऱ्या कडव्याला त्यांनी सूर असा काही वर नेऊन सोडला की माझ्या तोंडून आपोआप निघालं, "वाह, क्या बात है." नुसतं निघालं नाही, मी मांडीवर थापही मारली. काचेपलीकडच्या स्टुडिओवाल्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला, आत आला आणि फार शांतपणे म्हणाला, "भैया, दाद देनी है तो बाहर जाके दो." यात माझी चूक काय, हे मला अजून नीट पटलेलं नाही. आमच्याकडे माणूस गात असताना समोरच्यानं तोंड मिटून बसणं म्हणजे जेवायला बसून ताटाला हात न लावण्यासारखं आहे. पण मशीनला हे कोण सांगणार. साडूभाऊंनी मात्र माझी बाजू घेतली. म्हणाले, "राहू द्या ना ते वाह. गाण्यात वाहच नसली तं लोकायले समजन कसं, का गाणं चांगलं हाय म्हनून?"

असा कलाकार गोंदिया जिल्ह्यात दुसरा झाला नाही आणि होणार नाही. हे त्यांचं स्वतःचं मत आहे, पण ते इतक्या खात्रीनं सांगतात की ऐकणाऱ्याला ते आपल्यालाच सुचलं असं वाटायला लागतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. तिरोड्याकडे, बोदलकशाच्या तलावापासून सायकलच्या अंतरावर त्यांची धानाची शेती आहे. वय पन्नाशीच्या बरंच पुढे, मिशा पिकलेल्या, नातू शाळेत जायला लागलेला. पण दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे नाचगाण्याची जत्रा, भरते तेव्हा चौकातल्या फलकावर त्यांच्या फोटोखाली ठळक अक्षरांत 'नवोदित गायक' असंच छापलेलं असतं. मी एकदा भीतभीत विचारलं, की साडूभाऊ, आता नवोदित काढून टाकायचं का? तेव्हा ते माझ्याकडे दयेनं बघून म्हणाले, "नागपुरात मले कोनी ओळखते का? नाई ना? मंग नवोदितच."

नागपूर हा त्यांचा मोठा हळवा कोपरा. पैसा नको, पुरस्कार नको, शाल-श्रीफळ तर घरात इतकी आहेत की त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या ताईनं, शालींची उशी शिवून टाकली. त्यांना फक्त एक गोष्ट हवी होती. नागपुरात, ओळख ना पाळख अशा एखाद्या माणसाच्या तोंडून, रिक्षावाला म्हणा, पानठेलेवाला म्हणा, आपलं गाणं ऐकायचं. त्यानं ते कुणाचं आहे हे न जाणता गुणगुणावं, आणि आपण शेजारी उभं राहून पान लावून घ्यावं. "मी त्याले सांगनार बी नाई का हे माह्यं हाय म्हनून," ते म्हणायचे. यावर ताई चुलीपासूनच म्हणायची, "सांगितल्याशिवाय राहते का हा मानूस."

त्यांची पेटी हा एक स्वतंत्र विषय आहे. कार्यक्रमाला निघाले की पेटी मोटरसायकलवर मागच्या सीटवर बसते, पक्क्या शेल्यानं कमरेला बांधलेली, वरून रेनकोट; आणि ताई बसनं येते. मी एकदा ताईच्या वतीनं तक्रार केली, तर म्हणाले, "तिले खड्ड्यात हिसका बसला तं ते मले बोलते. पेटीले बसला तं ते बोलतच नाई, तिचा सूरच जाते. सांगा, कोनाले जपाव?" पंक्तीत ते गरम वरणभात फुंकून नाही, गाऊन निववतात. बँकेत त्यांचा नंबर येईपर्यंत त्यांनी नवी चाल बांधलेली असते आणि रांगेतल्या अर्ध्या लोकांना ती पाठ झालेली असते. सासरेबुवांच्या तेरवीला त्यांनी भजन असं रंगवलं की एका पाहुण्यानं खिशातून बक्षीस काढलं, आणि साडूभाऊंनी सवयीप्रमाणे भजन मध्येच थांबवून त्याचं नाव, गाव आणि मंडळाचे आभार, सगळं जाहीर केलं. सासूबाई त्या दुःखातही पदराआड हसल्या.

हे नाव जाहीर करणं बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे मंडईत गाणं चालू असताना कुणी खूश होऊन बक्षीस दिलं, की गायक गाणं तिथंच थांबवतो. पेटी आणि ढोलकी मंद चालू राहतात आणि तेवढ्यात तो त्या माणसाचं नाव घेऊन आभार मानतो, मग पुन्हा ओळ उचलतो. नाव घेणं हा गाण्यातला अडथळा नसतो, गाण्याचाच भाग असतो. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, पोलीस पाटलाचं सरपंचाच्या पुढे जाऊ नये, रागावलेल्या जावयाचं जरा सुरात घ्यावं, या सगळ्याचं साडूभाऊंना असं ज्ञान आहे की त्यांच्या मते संगीताचा धंदा तो एवढाच. "सूर देव देते," ते म्हणतात, "नाव आपल्याले घ्या लागते."

पण त्यांची खरी कमाल आहे ती गाणं तयार करण्याच्या पद्धतीत. शहरातले लोक गाणं कशावर तपासतात मला ठाऊक नाही. साडूभाऊ ते रोवणीवर, धानाच्या लावणीवर तपासतात. पावसाळ्यात बांध्यांमध्ये चिखल झाला, पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या पडल्या आणि बायकांची रांग वाकून धान लावायला लागली, की हे धुऱ्यावर, म्हणजे दोन बांध्यांमधल्या पाळीवर, छत्री घेऊन उभे राहतात आणि नवं गाणं सोडतात. बायकांचे हात भराभर चालायला लागले तर गाणं पास. हात थांबवून हसल्या तरी पास. पण त्यांनी आपसात कुणाच्या तरी सुनेचा विषय काढला, की गाणं तिथंच चिखलात गाडायचं. आणि त्या बायका नुसत्या ऐकत नाहीत. वाकल्या वाकल्या दुरुस्त्या सांगतात.

त्यांचं जे गाणं पुढं गाजलं ते असंच झालं. मुळात ते एका भुकेल्या नवऱ्याचं गाणं होतं. ऊन आलं डोक्यावर, शिदोरी घेऊन ये ना तू धुऱ्यावर, एवढाच मामला. पहिल्या दिवशी ते ऐकून सायत्राबाई नावाची म्हातारी कंबर सरळ न करता म्हणाली, "का गा, ते काऊन नाई येऊन राहिली, माहीत हाय का तुले? भात गार झाला म्हनून. नवरा बोलन म्हनून भेते ते. तिले आधी सांग, का गार झाला तरी ये." साडूभाऊ छत्री घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी ओळ म्हटली:

भात झाला गार तरी, ये ना वं तू धुऱ्यावर.

आणि रांगेतले सगळे हात एकदम चालायला लागले. त्या एका ओळीनं जेवण मागणारं गाणं बायकोला बोलावणारं झालं. मग कुणी वाऱ्याच्या जागी बगळा घातला, कुणी तिसरं कडवं काढायला लावलं, आणि बेबी नावाच्या एकीनं फक्त 'वं' दिला, बायकोला लाडानं हाक मारतानाचा. आधी नुसतं 'ये ना तू' होतं. हा 'वं' आपला आहे हे बेबी आजही कुणालाही सांगते. कुणी हसलं तर म्हणते, "काढून पाहा ना मंग. म्हनून दाखवा वं काढून."

त्या वर्षीच्या मंडईत हे गाणं तीनदा म्हणावं लागलं. कुणीतरी मोबाईलवर टिपलं, ते गोंदियात फिरलं, बालाघाटकडे गेलं, राजनांदगावकडे गेलं, आणि उन्हाळ्यात एक दिवस रायपूरच्या कुठल्याशा म्युझिक कंपनीचा साडूभाऊंना फोन आला. गाणं विकत घेऊ, आमच्या तरुण गायकाकडून नव्यानं गाऊन घेऊ, गाडीगाडीत वाजेल, नागपुरापर्यंत जाईल. शेवटच्या शब्दाला साडूभाऊ खाटेवर बसले असं ताई सांगते.

माणूस उतावळा असता तर त्यांनी फोनवरच होकार दिला असता. पण साडूभाऊ म्हणाले, आधी हा धंदा शिकायचा. त्यांनी बँडमास्तरला विचारलं, मंडपवाल्याला विचारलं, लाऊडस्पीकरवाल्याला विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, की जेवण कुणाकडे ते आधी ठरवून घ्या. मग ते पेटीला घेऊन माझ्याकडे गोंदियाला आले. मी एका शाळेत कारकून आहे आणि मला इंग्रजी वाचता येतं असा सासरी जुना गैरसमज आहे. एवढ्या भांडवलावर माझी कायदेशीर सल्लागार म्हणून नेमणूक झाली. कंपनीनं मोबाईलवर पाठवलेला करार मी चष्मा लावून वाचला, आणि तो समजला नाही हे लपवण्यासाठी मोठ्यानं वाचला. त्यात एक लांबलचक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. मी म्हटलं, "हे बघा, पर्मनंट असं लिहिलंय." साडूभाऊंचा चेहरा उजळला. "म्हंजे मी पर्मनंट झालो?" आमच्या घराण्यात तोवर माझ्याखेरीज पर्मनंट कुणी झालेलं नव्हतं, आणि मी स्वतः झालो तेव्हा केस पिकले होते. मी त्यांचं अभिनंदन केलं, बायकोनं साखर वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टुडिओत गेलो, कारण कंपनीला आपल्या गायकाला ऐकवायला गाणं स्वच्छ आवाजात हवं होतं. तिथं मी काय दिवे लावले ते वर सांगितलंच आहे. माझ्या पाठोपाठ साडूभाऊंनीही लावले. दुसरं कडवं संपल्यावर त्यांनी गाणं थांबवून स्टुडिओवाल्याचे कूलर लावल्याबद्दल आभार मानले, सल्लागार म्हणून माझं नाव गावासकट घेतलं आणि पुन्हा ओळ उचलली. स्टुडिओवाल्यानं कपाळाला हात लावला. पण माणूस गुणी होता. चहा मागवून त्यानं करार हातात घेतला आणि आम्हाला धंदा शिकवला. "काकाजी, आप परमानेंट नहीं हुए," तो म्हणाला, "गाना उनका परमानेंट हुआ. कल को मंडई में गाओगे तो उनसे पूछ के गाना पड़ेगा."

साडूभाऊंनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि म्हणाले, "बरोबर हाय. लेक देल्यावर तिले बोलवाची झाली तं सासरच्यायले विचाराच लागते. जाऊ दे नागपुरले. मी दुसरं बनवीन." एवढं बोलून त्यांनी पेटी उचलली. पण बाहेर येऊन मोटरसायकलवर ती बांधताना त्यांची गाठ दोनदा सुटली, हे मी पाहिलं.

सही करायची ठरली तेव्हा रोवणी सुरू झालेली होती आणि रोवणीत साडूभाऊ गाव सोडत नाहीत. म्हणून कंपनीचा माणूसच त्यांच्या शेतावर आला. तरुण, अदबशीर, पायात पांढरेशुभ्र बूट. मी सल्लागार असल्यामुळे सुट्टी टाकून गेलो होतो. धुऱ्यावर पहिल्याच पावलाला त्याचे बूट बूट राहिले नाहीत, पण तो हसला आणि ते हातात घेऊन उभा राहिला. समोर बायकांची रांग गुडघाभर चिखलात होती, रांगेच्या टोकाला ताई. त्यानं कागद काढला. "संगीतकार की जगह तो आपका नाम आ गया, काकाजी. अब गीतकार का नाम बताइए."

साडूभाऊंनी छत्रीनं रांगेकडे दाखवलं. "ह्या सगळ्या."

तो पुन्हा हसला. साडूभाऊ हसले नाहीत. ते एकेकीकडे छत्री नेत सांगू लागले, गार भात हिचा, बगळा हिचा, तिसरं कडवं हिच्या सांगण्यावरून, वं बेबीचा. बेबीनं मान डोलावली. कंपनीच्या माणसानं कपाळ पुसलं. एवढी नावं चालत नाहीत, म्हणाला. प्रत्येकीची सही लागेल, प्रत्येकीचे कागद लागतील, वर्ष जाईल. मग त्याला तोड सुचली. "एक काम करते हैं. गीतकार की जगह 'पारंपरिक' लिख देते हैं. किसी की साइन नहीं लगेगी."

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पारंपरिक म्हणजे जुनं, लोकांत चालत आलेलं. कुणी केलं ते माहीत नसलेलं."

रांगेतले हात थांबले. सायत्राबाईनं हातातली पेंडी चिखलात रोवून ठेवली आणि कंबरेवर हात देऊन सावकाश सरळ झाली. "मी काऊन माहीत नाई?" ती म्हणाली. "हे काय उभी आहो."

"साहेब," साडूभाऊ म्हणाले, "पारंपरिक म्हंजे मेलेल्या मानसायचं. ह्या तं जित्या हायेत. आवाज देल्ला तं ओ देतात."

तो माणूस खरंच चांगला होता. त्यानं शेवटची वाट काढली. मग एकट्या काकाजींचंच नाव घालू. संगीतकारही तेच, गीतकारही तेच, आजच सही, दिवाळीपर्यंत गाणं नागपुरात. कागद त्यानं बॅगेवर ठेवला, पेन उघडून पुढं केला. साडूभाऊंनी पेन घेतला. आणि तेवढ्यात सायत्राबाईच म्हणाली, रागानं नव्हे, समजुतीनं, "लिव्हून टाक ना गा तुहं एकट्याचं. आमाले कोन ओळखते नागपुरात."

बायकांनी माना हलवल्या. बेबीनंसुद्धा, थोडी उशिरा. ताई एकटी वाकलेलीच होती, धान लावत होती, जणू हे सगळं दुसऱ्याच्या बांधीत चाललं होतं. साडूभाऊ पेन घेऊन इतका वेळ उभे राहिले की छत्रीवरून पाणी कागदावर गळायला लागलं.

"साहेब," अखेर ते म्हणाले, "मी तुमचा धंदा शिकून घेतला. आता माहा ऐकून घ्या. ह्या हायेत तं माह्यं दुकान हाय. आज ह्यायचा शब्द मी माह्या नावानं विकला, तं पुढच्या साली मी इथं गाईन आन् ह्या गुमान धान लावतीन. एक जनीबी तोंड उघडनार नाई. मंग मी का गाऊ, पेटीसंग?" आणि त्यांनी पेन टोपण लावून परत दिला. "तुमी जेवून जा पन. रोवनीवर आलेला मानूस उपाशी नाई जात."

तो जेवून गेला. आम्ही सगळे धुऱ्यावर ओळीनं बसलो, ताईनं वाढलं. जाताना त्यानं साडूभाऊंना वाकून नमस्कार केला आणि बूट हातातच घेऊन गेला. रायपूरहून पुन्हा फोन आला नाही.

गाणं आता साडूभाऊंनी त्याच स्टुडिओत पुन्हा गाऊन स्वतःच इंटरनेटवर टाकलं आहे. दुसऱ्या कडव्यानंतर पेटी मंद होते आणि सगळ्या गीतकारांची नावं येतात, सायत्राबाईपासून बेबीपर्यंत, आणि सगळ्यांत शेवटी ताईचं. ताईनं नेमका कोणता शब्द दिला, हे दोघांपैकी कुणी सांगत नाही. ऐकणाऱ्यांत निम्मे आमचेच नातेवाईक आहेत आणि उरलेले त्या बायकांचे. स्टुडिओवाला म्हणाला होता, नावं काढून टाकली तर गाणं दूर जाईल. बहुतेक त्याचं बरोबरच असेल.

यंदाच्या मंडईला मी बायकोला घेऊन गेलो होतो. दुपारच्या उन्हात, खाजा आणि फुग्यांच्या गर्दीत, साडूभाऊ फलकावरच्या 'नवोदित गायक' खाली उभे राहून गात होते. त्या सगळ्या बायका पुढं जमिनीवर बसल्या होत्या, धुतलेल्या लुगड्यांत, आणि नावं सुरू झाली तशी एकेक जण आपलं नाव आलं की पदर नीट करत होती. सायत्राबाईचं नाव आलं तेव्हा शेजारच्या गावचा एक म्हातारा मान वळवून तिला बघायला लागला. तिनं त्याला बघू दिलं.

निघताना साडूभाऊ आम्हाला बसपर्यंत पोचवायला आले. पेटीच्या भात्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "नागपूर राहिलं, नाई का गोंदियावाले?"

मी म्हटलं, "राहिलं, साडूभाऊ."

"पाहू," ते म्हणाले. "जवळच तं हाय."

घरी पोचेपर्यंत बायको खिडकीबाहेर बघत होती. लग्न होऊन गोंदियाला आल्यापासून तिचा पाय चिखलात पडलेला नाही. आमच्याकडे कुंडीतली तुळस सोडली तर शेतीही नाही. कुलूप उघडून ती आत गेली, पंखा लावला, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "पुढच्या रोवणीला मी ताईकडे जाऊन राहीन म्हणते. सायत्राबाईच्या बाजूला उभी राहीन. एखादा शब्द माझाही लागला, तर लागला."